अडलेली खुर्ची

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नानांना जाऊन आज दहा दिवस झाले. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून लिहिते. तुझ्या भावाला त्रास झाला नाही, एवढं आधी सांगते. दुपारी जेवले, आडवे झाले आणि चहाला उठले नाहीत. तू या थंडीत, त्या गुडघ्यांनी सहा तासांचा प्रवास करून आली नाहीस याचं मनाला लावून घेऊ नकोस.

मी दवाखान्यातून महिन्याची रजा घेतली आहे. औषधांची खिडकी माझी सहकारीण बघते. वाटलं होतं की घर आवरायला महिना पुरणार नाही, पण इथे आवरायला काही नाहीच. कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवलेत. शर्टाला एकही बटण कमी नाही. आईची औषधं ठेवायचा डबा रिकामा करून, घासून, उलटा ठेवला आहे. मीटर वाचायला न्यायचे ती बॅटरी, आत नवे सेल घालून, दाराच्या खिळ्याला टांगलेली. कुणी गावाला निघण्याआधी आवरतं तसं सगळं.

माणसं येतात. सगळ्यांची गोष्ट एकच असते, त्याचं मला नवल वाटतं. शिवणक्लासच्या बाई म्हणाल्या, "सर्दीने माझं नाक बंद, गॅस गळतोय पत्ता नाही, आणि दारात नाना. म्हणाले, सहज आलो होतो." गवंडी म्हणाला की तो विहिरीच्या काठावर घेरी येऊन पडला होता, तेव्हा नाना सायकलवरून सहज आले होते. कालपर्यंत मी अशा अकरा गोष्टी ऐकल्या. मी म्हटलं, चाळीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले, गावातलं प्रत्येक घर आतून बघितलं. कुणाचं कधी काय बिघडेल याचा अंदाज येतच असेल.

गावच्या सभागृहाच्या चिटणीस हेडबाई (मला पाचवीला होत्या त्याच) काल आल्या. तेवीस तारखेला, रविवारी चार वाजता, शोकसभा ठेवायची म्हणतात. सेहेचाळीस वर्षं सभागृहातल्या खुर्च्या नानांनी मांडल्या, तर या वेळी मी मांडाव्यात. "मान तुझा आहे," म्हणाल्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. आत्या, तुझ्यापाशी लपवण्यात अर्थ नाही. त्या खुर्च्यांचा मला लहानपणापासून राग आहे. माझ्या लग्नाचा फोटो भिंतीवर आहे. त्यात आई आहे, तू आहेस, आणि मध्ये एका माणसाची जागा मोकळी आहे. फोटोवाला तीन तास थांबला होता. नानांनी खुर्च्या मांडल्या आणि सायकल घेऊन कुठेतरी गेले. कुठे, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एकोणतीस वर्षं झाली.

सभेनंतर किल्ली हेडबाईंकडे देईन, घराला कुलूप लावीन आणि परत जाईन.

तुझी भाची

७ फेब्रुवारी

प्रिय गोळीबाई,

पत्र मिळालं. अक्षर अजून औषधाच्या चिठ्ठीसारखं आहे, शिंप्याकडून वाचून घ्यावं लागलं. खालचा शिंपी गं, माझा वाचक. त्याला सांगितलं, वाच पण लक्षात ठेवू नकोस.

भाऊ गेला आणि मी आले नाही, हे तू म्हणतेस म्हणून मनाला लावून घेत नाही. शोकसभेला मात्र मी येणार. अडवायला जाऊ नकोस, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तुझं शेंबडं नाक मीच पुसायचे. रविवारी सकाळी साडेसातची गाडी इथून सुटते, दोनला तिथे पोचते. गुडघे माझे आहेत, मी त्यांचं बघून घेईन.

खुर्च्या तू मांड. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि मांडायच्या तर नानासारख्या मांड. तुला लहानपणी शिकवलं होतं त्याने, आठवतं? आधी येणाऱ्यांची यादी. मग एक माणूस, एक खुर्ची. घडी उघडताना त्याचं नाव मनात घ्यायचं. सगळ्यांना वाटायचं म्हाताऱ्याला मोजायचा छंद आहे. गावात त्याची टिंगलही व्हायची की नानाच्या सभेत ना कुणी उभं, ना कुठली खुर्ची रिकामी.

एखादी अडली तर ओढाताण करू नकोस. बाजूला ठेव आणि कुणाचं नाव घेतलं होतंस ते लिहून ठेव.

एक विचारायचं होतं. सभागृहात कुठे एखादी खुर्ची मिटून भिंतीला टेकवून ठेवलेली दिसते का? बघून कळव. सहज विचारते.

तुझी आत्या

१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मंगळवारी डोळेतपासणीचं शिबिर होतं. हेडबाई म्हणाल्या, सभेआधी हात बसेल, तर तीस खुर्च्या मांड. गेले.

सभागृह तसंच आहे. उंच खिडक्या, भिंतीला हिरवा पट्टा, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. लोखंडी घडीच्या खुर्च्या मागच्या खोलीत, दहा-दहाच्या थप्प्या. नाना प्रत्येकीच्या बिजागरीला तेल देत होते असं दिसतं, कारण एकही करकरत नाही. तू विचारलेली खुर्ची आहे. पिंपाजवळ, एकटी, मिटलेली. झाडलोट करणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ती नानांची. जायच्या आठ दिवस आधी मांडत होते. ही उघडेना. गुडघ्याखाली धरून ओढली, तेल घातलं, तरी नाही. मग आपल्याशीच हसले आणि तिथे टेकवून ठेवली. म्हणाले, ही माझी, हिला हात लावू नका." मग नाना घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन आले, असंही बाई म्हणाल्या.

शिबिराची यादी घेऊन मी तुझ्या सांगण्याप्रमाणे एकेक नाव घेत खुर्च्या उघडल्या. एकोणतीस उघडल्या. एक अडली. नाव रद्दीवाल्या आजींचं होतं, पुलाशेजारी राहतात त्या. मी ती बाजूला ठेवली, दुसरी घेतली, तीही अडली. मला हसू आलं. तिसरी घेतली आणि नाव न घेता उघडली, तर उघडली. अडलेल्या दोन्ही मग हेडबाईंनी सहज उघडल्या. म्हणाल्या, "जोर कमी पडतो तुझा." लोखंड आहे, गंज धरतं.

शिबिर चांगलं झालं. चार तास मी नावं पुकारत बसले होते. तिसावी खुर्ची रिकामी राहिली.

काल कळलं की रद्दीवाल्या आजी स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या. डॉक्टर म्हणाले, सोमवारी पडल्या असाव्यात, पण मंगळवारी दुपारपर्यंत जीव होता.

हा योगायोग आहे. वय एक्क्याऐंशी, एकट्या राहत होत्या. तरी तुला सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

तू एकटी राहतेस, शिंप्याला रोज एकदा वर येऊन हाक मारायला सांग.

तुझी भाची

१६ फेब्रुवारी

प्रिय गोळीबाई,

हे पत्र मी शिंप्याला दाखवलेलं नाही. माझं अक्षर तुलाच लावून घ्यावं लागेल.

माझी चूक झाली. नुसतं 'लिहून ठेव' म्हणाले, 'जा' म्हणायला हवं होतं. वाटलं, शोकसभेपर्यंत वेळ आहे, समोरासमोर सांगीन. रद्दीवालीचं माझ्या माथ्यावर आहे, तुझ्या नाही.

नाना तीस वर्षांचा होता. सभागृह नवीन बांधलेलं, उद्घाटनाला खुर्च्या मांडायला कुणी तयार नव्हतं, हा गेला. आमचे वडील, आप्पा, पुस्तकं बांधायचे, त्यांचंही नाव पाहुण्यांत होतं. नानाने प्रत्येकाची खुर्ची उघडली, आप्पांची उघडेना. नवी कोरी खुर्ची. त्याने ती ठेवून दिली आणि स्वतः पहिल्या रांगेत बसून भाषणं ऐकली. दोन तास. घरी आला तेव्हा आप्पा दुकानात, दाबयंत्राशेजारी पडलेले. अंग अजून कोमट होतं. हे 'कोमट' त्याने मला एकदाच सांगितलं, पण मी विसरले नाही.

त्यानंतर तो सभेत कधी बसला नाही. तू त्याला कुठल्या खुर्चीत बसलेलं पाहिलंस का? दाराजवळ उभा असायचा, हातात सायकलची किल्ली. लोकांना वाटायचं सेवाभाव. ज्याची खुर्ची अडली त्याच्या घरी तो जायचा. दहातल्या सात वेळा माणूस ठणठणीत असायचा, कंटाळा केलेला, नाहीतर पाहुणे आलेले. मग हा दारात उभा राहून म्हणायचा, सहज आलो होतो. उरलेल्या तीन वेळांसाठी त्याने सेहेचाळीस वर्षं गाव सोडलं नाही. माझ्याकडे एक रात्र राहायला आला नाही कधी. मी रुसायचे.

तुझ्या लग्नाच्या दिवशी छत्रीवाल्याची अडली. तुला आठवत असेल तो, तुझी शाळेची छत्री दर वर्षी दुरुस्त करायचा आणि पैसे म्हणून तुझ्याकडून एक पाढा म्हणून घ्यायचा. दुकानामागे पडला होता, तोंड वाकडं झालेलं. नानाने त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. तो पुढे एकोणीस वर्षं जगला. मी म्हटलं, पोरीला सांग, ती आयुष्यभर मनात ठेवील. तर म्हणाला, "सांगितलं तर ती यापुढे माझ्या हातांकडेच बघत बसेल. त्यापेक्षा रागावलेली बरी."

अजून एक. तुझी आई अकरा वर्षं अंथरुणावर होती. कुठल्याच सभेला येणार नव्हती. तरी दर वेळी तो तिच्या नावाने एक उघडून बघायचा. ती दर वेळी अडायची. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, तरी बघायचा. मग घरी जाऊन तिची वेणी घालायचा.

सतरा जानेवारीचं त्याचं कार्ड माझ्याकडे आहे. एवढंच लिहिलं होतं: "आज स्वतःच्या नावाने उघडून बघितली. अडली. पुढच्या सभेला मी नाही. तू घाईने येऊ नकोस, थंडी आहे." मी ते कुणाला दाखवलं नाही. गाडीही धरली नाही. त्याने नको म्हटलं म्हणून नाही. मला भीती वाटली.

आता तुला सगळं माहीत आहे. यापुढे अडली तर बसू नकोस.

आत्या

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी चिडले आहे, आणि पत्रात चिडायची मला सवय नाही, तर काही कमीजास्त लिहिलं गेलं तर समजून घे.

मी रोज तीनशे माणसांना गोळ्या मोजून देते. त्यातली काही परत येत नाहीत. मी खिडकीतून हात बाहेर काढला तेव्हा एखादीच्या गोळ्यांची पट्टी नीट फाटली नाही, म्हणून ती बाई वारली असं मी म्हणत नाही. नाना चांगले होते. लोकांची विचारपूस करायचे. एवढं पुरेसं नाही का? आणि छत्रीवाला आजारी होता म्हणून गेले असतील, तर ते साध्या शब्दांत मला सांगता आलं असतं. मी सव्वीस वर्षांची होते, सहा नाही.

नानांचं कार्ड म्हणशील, तर म्हाताऱ्या माणसांना असं कळतं. दवाखान्यात मी पाहिलं आहे.

रद्दीवाल्या आजींच्या घरी मी जाऊन आले. दाराला नगरपालिकेचं कुलूप आहे. व्हरांड्यात रद्दी बांधून ठेवलेली, वर डोळेतपासणीची चिठ्ठी, दगडाखाली. शिबिरासाठी हेडबाईंनी माझ्याकडून लिहून घेतल्या त्यांतली, माझ्याच अक्षरातली.

रविवारी खुर्च्या मी मांडीन. हेडबाईंना शब्द दिला आहे. नावं घेऊन मांडीन, कारण नाना तशा मांडायचे. दुसरं काही नाही. मी साडेअकराला घरी येईन, दोनला तुला स्टँडवर घ्यायला येईन.

तुझी भाची

२१ फेब्रुवारी

प्रिय गोळीबाई,

चिडलीस ते बरं झालं. तुझ्या घरात कुणी चिडायचंच नाही, सगळे आतल्या आत लोणच्यासारखे मुरायचे.

बॅग भरली. जांभळी साडी काढली आहे, नानाला आवडायची. जिना उतरताना हल्ली जरा गरगरतं, पण शिंपी बसपर्यंत सोडणार आहे. रविवारी त्याचं दुकान बंद असतं, तरी येतो म्हणाला आहे. विसरला तर मी एकटी उतरेन. चौदा पायऱ्या आहेत, हिमालय नाही.

तुला पटत नसेल तर नको पटू दे. माझ्या नावाची शेवटी उघड, म्हणजे बाकीच्यांत तुझं लक्ष राहील.

आत्या

१६ मार्च

प्रिय आत्या,

परवा रात्री इथे पोचले. तुझ्याजवळ ठेवलेली नर्स कशी आहे? तू तिला 'पोलीस' म्हणतेस असं शिंप्याने फोनवर सांगितलं. म्हणू दे. कुबडीशिवाय उठू नकोस. खुबा जुळायला तीन महिने लागतात.

दवाखान्यात तू मला चार वेळा विचारलंस की मी त्या दिवशी तिथे कशी पोचले. मी दर वेळी विषय बदलला. समोर बसून मला ते सांगता येत नव्हतं. आता लिहिते.

रविवारी सकाळी आठला सभागृह उघडलं. मदतीला वायरमन आला होता, माईक जोडायला. यादीत एकशे बावन्न नावं होती. एकेक नाव घेत मी खुर्च्या उघडत गेले, वायरमन रांगेत लावत गेला. सगळ्या उघडत होत्या. मग त्याचं नाव आलं. खुर्ची अडली. दुसरी घेतली, तीही. तो माझ्यासमोर उभा होता, तोंडात स्क्रू धरून. मी त्याला सांगितलं, "तुमची उघडत नाहीये." तो म्हणाला, "ताई, मी वायरमन आहे, मला बसायला देतंय कोण? इथे स्टुलावर चढलेलाच असतो." आम्ही हसलो. आत्या, मला इतकं हलकं वाटलं. माणूस धडधाकट समोर उभा आहे आणि त्याची खुर्ची अडते, म्हणजे तुझं सगळं म्हणणं खोटं.

त्या हलकेपणात मी पिंपाजवळ गेले. नानांची खुर्ची उचलली. का, ते सांगता येत नाही. मनात 'नाना' म्हटलं आणि ओढली. ती उघडली. हाताला जोर लागलाच नाही, आवाजही झाला नाही. गेलेल्या माणसाची उघडते, तर मग राहिलं काय? मी ती पहिल्या रांगेच्या शेवटी ठेवली आणि खरं सांगते, मी गुणगुणत होते.

शेवटची तुझी होती.

मी सात खुर्च्या घेतल्या. वायरमनने पक्कड आणली. बिजागरीत तेल होतं, चकचकीत होती, पण दोन्ही पाय एकमेकांना असे चिकटले होते जसे आतून कुणी धरून ठेवलेत. सव्वानऊ वाजले होते. तुझी गाडी साडेसातला सुटली असणार, तू गाडीत असणार, असं मी स्वतःला सांगितलं. तुझा फोन लावला. वाजत राहिला, पण तो तुला कधी ऐकू येतो? शिंप्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. दोनपर्यंत वाट बघावी, असं कुणीही म्हटलं असतं. मी एका खुर्चीत बसायला गेले आणि त्या दगडाखालच्या चिठ्ठीची आठवण झाली. बसले नाही.

वायरमन माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "काय झालंय ते सांगू नका. गाडी काढू का?" न राहवून वाटेत मी त्याला सगळं सांगितलंच. घाट चढल्यावर आमच्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की त्याची खुर्ची का उघडली नव्हती. त्याने गाडीचा वेग वाढवला. माझ्या नावाची मी उघडून बघितलीच नव्हती. बघितली असती तर तीही अडली असती.

सभा चारला सुरू झाली. त्याच वेळी शिंपी आणि वायरमन तुझं दार उचकटत होते. शिंपी सकाळी आला होता, दार बंद दिसलं, तू एकटी निघून गेलीस असं समजून परत गेला होता. तू दाराच्या आत पडली होतीस, जांभळी साडी नेसून, बॅग उशाला घेऊन. डोळे उघडे होते. तू म्हणालीस, "तू इथे कशी? सभा आहे ना?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सहज आले होते." ते मी ठरवून म्हटलं नव्हतं. तू रडायला लागलीस. तुला वाटलं मी तुझी थट्टा केली. मी केली नव्हती.

आता सभेचं. काल हेडबाई चहाला आल्या होत्या. मी क्षमा मागितली, नानांच्या शोकसभेला त्यांची मुलगीच नव्हती. त्या म्हणाल्या, "त्यात काय, तुझ्या लग्नात ते तरी कुठे होते?" वर्गात बोलायच्या तसंच, सरळ. मग म्हणाल्या, "पण हिशोबात एक चुकलीस. पहिल्यांदाच सभागृहात माणूस उभं राहिलं." शिवणक्लासच्या बाई यादीत नव्हत्या. त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं, ते ऐनवेळी रद्द झालं, म्हणून आल्या आणि दीड तास भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "पहिल्या रांगेत शेवटची रिकामी होती की. ती नानांच्या नावाची. कुणी येणार नव्हतं तिथे."

हेडबाई म्हणाल्या, "रिकामी कुठे होती? तिथे बसले होते ना कुणीतरी."

"कोण?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तू विचारल्यावर आता मला तोंड आठवत नाही. पांढरा शर्ट होता. आणि हातात काहीतरी खुळखुळत होतं, किल्ल्यांसारखं. मी भाषण करताना दोनदा वाटलं की यांना सांगावं, जरा थांबवा."

शिवणक्लासच्या बाईंना विचारलं. त्याही म्हणाल्या, तिथे कुणीतरी होतं, म्हणून त्या गेल्या नाहीत. झाडलोट करणाऱ्या बाई म्हणाल्या, सभा संपल्यावर सगळ्या खुर्च्या मिटल्या, तेवढी एक आधीच मिटून पिंपाजवळ टेकवलेली होती. सह्यांच्या वहीत एकशे एक्कावन्न सह्या आहेत. शिवणक्लासच्या बाई धरून. मी दोनदा मोजल्या. यादीतले एकशे पन्नास, वायरमन आणि तू सोडून.

सेहेचाळीस वर्षांत ते एकदा बसले आणि मी तिथे नव्हते.

भिंतीवरचा फोटो मी उतरवणार होते. नाही उतरवला.

तुझी भाची

२४ मार्च

प्रिय गोळीबाई,

पोलीस शेजारी उभी आहे, दहा मिनिटं लिहायची परवानगी आहे.

बसला एकदाचा. मला एवढंच हवं होतं. आप्पांच्या दिवसापासून तो उभा होता, आणि आम्ही सगळे त्याला कर्तबगार म्हणत होतो. तू माझ्याकडे निघालीस म्हणून त्याला बसता आलं, हे तुला समजतंय ना? दाराजवळ उभं राहायला कुणीतरी आलं, म्हणून.

तू थट्टा केलीस असं मला वाटलं नव्हतं. त्याचा आवाज ऐकल्यासारखं झालं म्हणून रडले. मला, जिला फोनची घंटा ऐकू येत नाही.

जूनमध्ये चालता येईल म्हणतात. तेव्हा येईन, त्याच्या घरी चार दिवस राहीन. मात्र एक अट आहे. माझ्या नावाची उघडून बघू नकोस. पायांनी आले तर आले. असं आधी कळून यायला मला नको वाटतं.

आत्या

११ जून

प्रिय आत्या,

दवाखान्यातून एप्रिलअखेर निवृत्ती घेतली. माझा नवरा म्हणतो, तुझ्या गावात औषधाचं दुकान नाही का? आहे. दुपारी तिथे बसते. किल्ली हेडबाईंना देणार होते, ती नानांच्या बॅटरीशेजारी खिळ्यालाच आहे. सायकलला नवे टायर घातले. उतारावर अजून भीती वाटते. गेल्या महिन्यात तीन अडल्या. दोघे घरी पत्ते खेळत होते, मला बघून म्हणाले, या, चौथा भिडू हवाच होता. तिसऱ्यांच्या घरी वेळेत पोचले.

रविवारी प्रथमोपचाराचा वर्ग आहे, सत्तर माणसं. तू त्याच दिवशी दोनला पोचतेस, तर स्टँडवरून सरळ सभागृहात ये. पहिल्या रांगेतली शेवटची सोडून कुठेही बस. ती मी दर वेळी उघडते. तिथे अजून कुणी बसायला गेलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, तिथे कुणीतरी आहे.

रागावू नकोस, तुझी अट मी मोडली. आज सकाळी तुझ्या नावाने उघडून बघितली. उघडली. ये.

माझी मी बघितलेली नाही. मी दाराजवळ उभी असेन.

तुझी भाची